अमेरिकेची निवडणूक आणि तिथली माध्यमं : घरच्या ग्रुपवर दर चार वर्षांनी येणारे प्रश्न

मी न्यू जर्सीत राहतो. पत्रकार नाही, विमा कंपनीत आकडेमोड करतो. पण दर चौथ्या वर्षी ऑक्टोबर लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर दिवाळीच्या फटाक्यांआधी फॉरवर्ड फुटायला लागतात. साताऱ्याचे मामा एक क्लिप टाकतात, पुण्याची मावशी लगेच तिच्या उलटी टाकते आणि मग दोघं मिळून मला धरतात : "तू तिथेच आहेस ना, मग सांग खरं काय ते." इथे राहिल्यानं खरं कळतं हा त्यांचा गोड गैरसमज. मीही त्यांच्यासारखाच सोफ्यावर बसून बघतो, फक्त घड्याळ वेगळं. तरी तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळी इथे लिहून ठेवतोय.

सरळ सांग, कुठल्या चॅनेलवर विश्वास ठेवायचा?

कुठल्याच चॅनेलला सगळे मार्क देऊ नका. मार्क द्यायचे ते वाक्याला. हे वाक्य कोण म्हणतंय, त्याला ते कशावरून कळलं आणि चुकलं तर त्याचं काय जाणार, एवढं बघा.

रिपब्लिकनांकडे झुकलेल्या फॉक्स न्यूजची 2020 ची गोष्ट बघा. 3 नोव्हेंबरच्या रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी फॉक्सनं ॲरिझोना बायडन यांच्या नावावर टाकलं. बाकी सगळे अजून थांबलेले. ट्रम्प यांचे लोक खवळले, प्रेक्षक चिडले, काही तर चॅनेल बदलून न्यूजमॅक्सकडे गेले. पण फॉक्सचा आकडेमोडीचा विभाग हटला नाही. शेवटी बायडन तिथे 10,457 मतांनी जिंकले. म्हणजे निर्णय बरोबर निघाला, घाईचा होता की नाही यावर जाणकार आजही भांडतात.

आता त्याच चॅनेलचे नंतरच्या आठवड्यांतले कार्यक्रम. मतदान यंत्रांनी मतं फिरवली असं सांगणारे पाहुणे तिथे येत राहिले. यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं दावा लावला, तेव्हा आतले मेसेज कोर्टात बाहेर आले. त्यात चॅनेलची बडी मंडळी हे आरोप खासगीत वेडगळ ठरवत होती आणि प्रेक्षक पळतील या धास्तीतही होती. खटला सुरू व्हायच्या दिवशीच, 18 एप्रिल 2023 ला, फॉक्सनं 78 कोटी 75 लाख डॉलर मोजून तडजोड केली.

नाव एक, कंपनी एक. मतं मोजणारी माणसं बरोबर होती, आणि गप्पांच्या कार्यक्रमात जे चाललं त्यावर चॅनेलच्याच लोकांचा विश्वास नव्हता. आता "फॉक्स खरं की खोटं" या प्रश्नाला मी एका शब्दात काय उत्तर देऊ?

निकाल तिथला निवडणूक आयोग जाहीर करत नाही? ही एपी कोण लागून गेली?

आपल्यासारखा देशभराची निवडणूक घेणारा आयोगच इथे नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, मोजणी जिल्ह्या-जिल्ह्याच्या म्हणजे काउंटीच्या कचेरीत. अधिकृत निकाल राज्यं काही आठवड्यांनी प्रमाणित करतात, डिसेंबरात इलेक्टर, म्हणजे राज्याराज्याच्या निकालावरून ठरलेले प्रतिनिधी, अध्यक्षासाठी मतं टाकतात आणि 6 जानेवारीला काँग्रेस, म्हणजे इथली संसद, ती मोजते. तोवर कोण थांबणार? म्हणून असोसिएटेड प्रेस, म्हणजेच एपी, ही वृत्तसंस्था 1848 पासून काउंट्यांचे आकडे गोळा करून विजेता सांगत आली आहे. तिचा दंडक सोपा आहे : मागे पडलेल्याला पुढच्याला गाठणं शक्यच नाही अशी खात्री झाली की नाव सांगायचं.

आपल्याकडच्या बातमीत "आघाडीवर" आणि "विजयी" यांची सर्रास सरमिसळ होते. "पेनसिल्वेनियात ट्रम्प आघाडीवर" याचा अर्थ तेवढ्या क्षणी मोजून झालेल्या मतांत पुढे, इतकाच.

रात्री ट्रम्प पुढे होते आणि सकाळी बायडन पुढे गेले. मधल्या वेळात काय शिजलं?

हा मामांचा आवडता प्रश्न. शिजलं काही नाही, पाकिटं उघडली गेली. कोविडमुळे 2020 ला कोट्यवधी लोकांनी टपालानं मत दिलं, आणि त्यात डेमोक्रॅट जास्त होते, कारण टपाली मतदानावर भरवसा ठेवू नका असं ट्रम्प स्वतःच महिनोन् महिने सांगत होते. पेनसिल्वेनियाच्या कायद्यानं ही पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी 7 च्या आत उघडायला बंदी होती. त्यामुळे आधी केंद्रावरची मतं मोजली गेली, पाकिटं मागून. फ्लोरिडात पाकिटं आधीच तयार ठेवायला परवानगी असते, तिथे त्याच रात्री निकाल लागला आणि तो ट्रम्प यांच्या बाजूनं लागला. त्याबद्दल मात्र कुणी तक्रार केली नाही.

असं होणार हे कित्येक वार्ताहरांनी आधीच लिहून ठेवलं होतं. तरी रात्री दोनच्या पुढे ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये उभं राहून आपणच जिंकलो म्हणाले. एपीनं बायडन यांचं नाव शनिवारी, 7 नोव्हेंबरला सांगितलं. मधल्या त्या चार दिवसांत अफवांना जे रान मोकळं मिळालं, त्यातलं तण अजून उपटलं गेलेलं नाही.

पण मोठी मोठी चॅनेलं निकालच चुकीचा सांगतात, असं कधी झालंय का?

झालंय, आणि तेही एकाच रात्री दोनदा. 7 नोव्हेंबर 2000. संध्याकाळी आठच्या आतच चॅनेलांनी फ्लोरिडा अल गोर यांना देऊन टाकलं. राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असतं, तिथे लोक अजून रांगेत होते. दहाच्या सुमारास शब्द मागे घेतला. मग मध्यरात्र उलटून 2 वाजून 16 मिनिटांनी फॉक्सनं बुश यांना विजयी घोषित केलं आणि काही मिनिटांत बाकीच्यांनी री ओढली. त्या वेळी फॉक्सच्या निर्णय विभागाचे प्रमुख होते जॉन एलिस, म्हणजे बुश यांचे आतेभाऊ. गोर यांनी फोन करून हार मान्य केली, भाषणाला निघाले, वाटेत कळलं की फरक वितळतोय, आणि परत फोन करून आधीचे शब्द मागे घेतले. पहाटे चॅनेलांनी दुसऱ्यांदा माघार घेतली. शेवटी फरक राहिला 537 मतांचा.

गंमत अशी, की सगळी चॅनेलं एकाच सामायिक संस्थेचे आकडे वापरत होती. विहीर एक, रहाट पाच. त्यामुळे "पाचही चॅनेलं सांगतायत म्हणजे खरंच असणार" याला त्या रात्री काही अर्थ नव्हता. हे सूत्र मी ग्रुपवरच्या फॉरवर्डलाही लावतो : सात जणांनी पाठवलं म्हणजे सात पुरावे झाले असं नाही.

1948 चा किस्सा तर सगळ्यांना माहीत असतो. शिकागो ट्रिब्यूननं पहिल्या आवृत्तीत ड्यूई यांनी ट्रुमन यांना हरवल्याचा मथळा छापला आणि जिंकलेले ट्रुमन तो अंक हसत हसत उंच धरून उभे, असा फोटो आहे. छापखान्यातल्या कामगारांचा संप चालू होता, म्हणून अंक नेहमीपेक्षा कित्येक तास आधी छपाईला सोडावा लागत होता. फोटोत हा भाग दिसत नाही.

पोलवाले दर वेळी तोंडावर पडतात. मग ते वाचायचेच कशाला?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात ढवळलेला असेल तर. वरवरचं शीत काढलं तर तळाशी लागलेलं कळत नाही.

1936 ला लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदी धरून जवळपास एक कोटी कागद पाठवले. तेवीस लाखांच्या वर परत आले. त्यांवरून लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं घेऊन गेले. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी फोन आणि दारात मोटार, ते म्हणजे देश नव्हे. शिवाय कागद परत पाठवण्याची तसदी चिडलेला माणूस जास्त घेतो. पोल घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून बरोबर सांगितलं. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

2016 ची चूक याचीच धाकटी बहीण. देशपातळीवरचे पोल फारसे चुकले नव्हते : हिलरी साधारण 3 टक्क्यांनी पुढे म्हटलं होतं, प्रत्यक्षात 2.1 टक्क्यांनी जास्त मतं मिळाली. फसले ते राज्यांचे पोल. विस्कॉन्सिनात तर हिलरी सहा टक्क्यांनी पुढे दाखवल्या होत्या. फोनवर प्रश्नांना उत्तरं देणाऱ्यांत कॉलेज शिकलेले जास्त असतात आणि बऱ्याच राज्यांतल्या पोलवाल्यांनी शिक्षणाचा हिशेब धरलाच नव्हता. त्यात शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारे ट्रम्प यांच्याकडे झुकले. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्वेनिया, तिन्ही मिळून सुमारे 78 हजार मतांवर अध्यक्षपद गेलं.

2024 लाही मतदानाच्या तीन दिवस आधी आयोवाच्या एका नावाजलेल्या पोलनं कमला हॅरिस 3 टक्क्यांनी पुढे असल्याचं सांगितलं. मावशीनं ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. ट्रम्प तिथे 13 टक्क्यांनी जिंकले. एकाच पोलवर पेढे वाटू नयेत.

"जिंकण्याची शक्यता 29 टक्के" म्हणजे हरणार असंच ना?

नाही. वेधशाळेनं "पावसाची शक्यता 30 टक्के" म्हटलं आणि तुम्ही छत्री न घेता भिजलात, तर वेधशाळा खोटी ठरत नाही. 2016 ला फाइव्हथर्टीएट या निवडणुकीचे अंदाज मांडणाऱ्या संकेतस्थळानं ट्रम्प यांना साधारण 29 टक्के दिले होते, न्यूयॉर्क टाइम्सनं 15, हफिंग्टन पोस्टनं जेमतेम 2. तिघांसमोर पोल जवळपास तेच, फरक गृहीतकांचा. एका राज्यात पोल चुकला तर शेजारच्या राज्यातही तसाच चुकेल, हे पहिल्यानं धरलं होतं. आमच्या धंद्यात याला साधं शहाणपण म्हणतात : एका गल्लीत पूर आला की शेजारच्या गल्लीचे क्लेमही येतातच.

वर्तमानपत्रच उघडपणे उमेदवाराला पाठिंबा देतं. मग त्याच्या बातम्या निष्पक्ष कशा?

अग्रलेख लिहिणारं मंडळ वेगळं आणि बातमीदार वेगळे, अशी जुनी भिंत आहे. ती बहुतेक ठिकाणी खरी आहे. वॉल स्ट्रीट जर्नलचा अग्रलेख आणि त्याच अंकातली बातमी कधी कधी एकमेकींशी भांडतात. पण वाचकाला फोनवर भिंत दिसत नाही, लिंक दिसते. हा दोष वाचकाचा नाही.

शिवाय या पाठिंब्यानं मतं किती हलतात? 2016 ला सर्वाधिक खपाच्या 100 दैनिकांपैकी ट्रम्प यांना पाठिंबा देणारी होती फक्त दोन.

2024 ला वॉशिंग्टन पोस्टनं मतदानाला 11 दिवस असताना जाहीर केलं, की यंदा कुणालाच पाठिंबा नाही. हॅरिस यांच्या बाजूचा मसुदा तयार होता. मालक जेफ बेझोस यांचं म्हणणं, पाठिंब्यामुळे पक्षपाताचा वास येतो. अडीच लाखांवर वाचकांनी वर्गणी रद्द केली. माझं मत विचाराल तर निर्णयात तथ्य होतं, मुहूर्त मात्र चुकला. हीच गोष्ट वर्षभर आधी केली असती तर तत्त्व वाटली असती, अकरा दिवस आधी केली म्हणून भीती वाटली.

टीव्हीवर चौकटींत बसून भांडणारे आठ जण कोण असतात?

अर्ध्याहून अधिक पक्षांचे माजी सल्लागार, प्रचारप्रमुख, भाषणं लिहिणारे. चॅनेल त्यांना पगार देतं. 2016 ला सीएनएननं ट्रम्प यांचे नुकतेच हटवलेले प्रचारप्रमुख कोरी लेवांडोव्स्की यांना भाष्यकार म्हणून घेतलं, तेव्हा त्यांना प्रचारयंत्रणेकडूनही पैसे मिळतच होते. त्याच वर्षी त्याच चॅनेलच्या भाष्यकार डोना ब्राझील यांनी कार्यक्रमात येणारे प्रश्न हिलरी यांच्या गोटाला आधी कळवल्याचं फुटलेल्या ईमेलमधून दिसलं आणि त्यांना जावं लागलं. दोन्ही पक्ष, एक चॅनेल, एक वर्ष.

या मंडळींचं ऐकू नका असं नाही. मीही ऐकतो, भाजी चिरताना. फक्त त्यांनी सांगितलेलं ग्रुपवर "बातमी" म्हणून टाकू नका.

सगळी माध्यमं डेमोक्रॅटांना धार्जिणी आहेत, हे खरं की नाही?

रिपब्लिकनांना तसं वाटतं, हे नक्की. गॅलपच्या पाहणीत 1976 ला 72 टक्के अमेरिकनांचा माध्यमांवर बराच भरवसा होता, 2024 ला 31 टक्के, 2025 ला 28. आणि 2024 च्या त्या आकड्यात डेमोक्रॅट 54 टक्के, रिपब्लिकन 12.

तक्रारीला आधार देणाऱ्या गोष्टी घडल्यात. सप्टेंबर 2004 मध्ये सीबीएसनं बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव सैन्यातल्या नोकरीबद्दल काही कागद दाखवले. ते 1970 च्या दशकातल्या टाइपरायटरवरचे वाटत नाहीत, संगणकावरचे वाटतात, हे लोकांनी एका दिवसात दाखवून दिलं. कागद खरे असल्याचं सीबीएसला सिद्ध करता आलं नाही, आणि डॅन रादर यांच्यासारखा मोठा निवेदक पुढच्या मार्चमध्ये पायउतार झाला.

ऑक्टोबर 2020 मध्ये न्यूयॉर्क पोस्टनं बायडन यांचे चिरंजीव हंटर यांच्या लॅपटॉपची बातमी दिली. ट्विटरनं तिची लिंकच अडवली, फेसबुकनं प्रसार आखडला. गुप्तचर खात्यांतल्या 51 माजी अधिकाऱ्यांनी पत्र काढलं, की यात रशियाच्या कारवायांची लक्षणं दिसतात, पण आमच्याकडे पुरावा नाही. पहिलं अर्धं वाक्य सगळीकडे गेलं, दुसरं अर्धं वाटेत गळालं. 2022 मध्ये वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क टाइम्सनं त्यातले काही ईमेल खरे असल्याचं छापलं. लॅपटॉपवरून काढलेले सगळे राजकीय निष्कर्ष त्यानं सिद्ध झाले असं नाही, पण बातमी दाबली गेली हे मामांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. मी तसं ग्रुपवर लिहिलं. मामांनी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय.

आणि बायडन यांचं वय. जून 2024 च्या सुरुवातीला वॉल स्ट्रीट जर्नलनं त्यांच्या थकल्याचं लिहिलं तेव्हा इतर पत्रकारांनीच नाकं मुरडली. 27 जूनला ट्रम्प यांच्याबरोबरच्या अटलांटातल्या चर्चेत पाच कोटींवर लोकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. 21 जुलैला त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. व्हाइट हाउसचे वार्ताहर रोज ज्यांच्या अवतीभवती असतात त्या माणसाबद्दल मतदाराला चर्चेच्या रात्री कळावं, हे मला अजून खुपतं.

पण "सगळी" माध्यमं म्हणताना फॉक्सही मोजा, जी केबलवरची सर्वांत जास्त पाहिली जाणारी वृत्तवाहिनी आहे. सिंक्लेअरच्या मालकीची गावोगावची चॅनेलं मोजा, तासन् तास चालणारे रेडिओ कार्यक्रम मोजा. यादी बरीच लांबते.

पूर्वी दोन्ही बाजू दाखवायचा कायदा होता म्हणे?

नियम होता, 1949 पासून. रेडिओ आणि टीव्ही केंद्रांनी वादाच्या विषयावर वेगवेगळी मतं दाखवावीत असा. 1987 ला तो काढून टाकला. केबलला तो लागूच नव्हता, त्यामुळे "तो नियम असता तर फॉक्स-एमएसएनबीसी झाली नसती" हा युक्तिवाद लंगडा आहे. आज उरलाय तो उमेदवारांना सारखा वेळ देण्याचा नियम. 2024 ला मतदानाआधीच्या शनिवारी हॅरिस एनबीसीच्या विनोदी कार्यक्रमात दिसल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी चॅनेलनं मोटारशर्यतीच्या शेवटी ट्रम्प यांचा संदेश दाखवला.

चर्चेत निवेदकानं उमेदवाराला टोकावं का?

10 सप्टेंबर 2024, फिलाडेल्फिया, ट्रम्प आणि हॅरिस यांची चर्चा. ट्रम्प म्हणाले, ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री-मांजरं खातात. एबीसीचे डेव्हिड म्यूर म्हणाले, आम्ही तिथल्या नगर प्रशासकांना विचारलं, असा कुठलाही विश्वासार्ह अहवाल नाही. माझ्या मते हे काम पत्रकाराचंच आहे. पण त्या रात्री हॅरिस यांना एकदाही तसं टोकलं गेलं नाही, आणि त्यांची सगळीच विधानं सोवळ्यातली नव्हती. पंचानं एकाच संघाचे नोबॉल दिले की निर्णय बरोबर असूनही सामना गढूळ होतो.

क्लिप खरी, आवाज खरा. मग खोटं कसं?

"ध"चा "मा" करायला अक्षर एकच बदलावं लागलं होतं. सीबीएसनं हॅरिस यांच्या मुलाखतीतल्या एकाच उत्तराचे दोन वेगवेगळे तुकडे दोन कार्यक्रमांत दाखवले. संपादन सगळेच करतात, पण इथे दोन तुकडे शेजारी ठेवल्यावर उत्तरं वेगळी वाटली. ट्रम्प यांनी दावा लावला. सीबीएसची मालक असलेल्या पॅरामाउंट कंपनीनं जुलै 2025 मध्ये माफी न मागता 1 कोटी 60 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. दावा कोर्टात टिकला असता असं मला वाटत नाही : सुप्रीम कोर्टाच्या 1964 च्या सलिव्हन निकालापासून सार्वजनिक व्यक्तीला बदनामीसुद्धा सिद्ध करणं फार अवघड झालंय, आणि हा तर बदनामीचाही दावा नव्हता. पण त्या कंपनीला तेव्हा विलीनीकरणासाठी सरकारची परवानगी हवी होती.

आणि आता आवाजही खरा असेलच असं नाही. जानेवारी 2024 मध्ये, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीआधी, न्यू हॅम्पशरच्या मतदारांना बायडन यांच्या आवाजात फोन आले, की मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आवाज यंत्रानं बनवलेला. फोन करवणाऱ्या सल्लागाराला 60 लाख डॉलरचा दंड झाला.

"सूत्रांनी सांगितलं" म्हणजे कुणी?

चांगल्या बातमीत सूत्राचं नाव नसलं तरी पत्ता असतो : "बैठकीला हजर असलेल्या दोघांनी", "ज्यांना बोलायची परवानगी नाही अशा अधिकाऱ्यानं". किती जण, ते कुठे होते आणि नाव का नाही, हे लिहिलेलं नसेल तर मी ती बातमी दुसऱ्या दिवसापर्यंत मुरत ठेवतो. लोणच्यासारखं. बहुतेक वेळा बरणी उघडायची गरजच पडत नाही.

यात आपलं मराठी कुणी आहे का?

आहे की. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून 2022 ला काँग्रेसवर निवडून आले, 2024 ला पुन्हा. अध्यक्षपदाच्या धुरळ्यात अशा लढतींकडे मोठी चॅनेलं ढुंकूनही बघत नाहीत. त्या वाचायच्या तर डेट्रॉइटची स्थानिक वर्तमानपत्रं. ती तरी आहेत. 2005 पासून देशातली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडलीत, आणि तिथल्या लोकांना आपल्या काउंटीची बातमीही फेसबुकवरच्या शेजाऱ्याकडूनच कळते.

मतमोजणीच्या दिवशी टीव्ही कितीला लावू?

मतदान मंगळवारी, पण तुमच्याकडे खेळ बुधवारी पहाटे सुरू होतो. पहिली मोठी केंद्रं इथे संध्याकाळी 7 ला बंद होतात, तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेपाच. पहिले दोन तास नकाशे रंगवण्यातच जातात. सकाळचा चहा, आंघोळ, पूजा उरका आणि नऊनंतर बसा. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्वेनिया यांवर लक्ष ठेवा, आणि किती टक्के मोजणी झाली तो छोटा आकडा आधी वाचा, मोठा नंतर.

2024 ला एपीनं विस्कॉन्सिन ट्रम्प यांच्या नावावर टाकून जिंकायला लागणारा 270 इलेक्टर मतांचा आकडा पार झाल्याचं सांगितलं तेव्हा इथे पहाटेचे 5 वाजून 34 मिनिटं झाली होती, तुमच्याकडे दुपारचे 4 वाजून 4. मामांनी सकाळी साडेनऊलाच ग्रुपवर अभिनंदनाचा हार टाकला होता. मावशीनं त्यावर काही लिहिलं नाही, फक्त चार वाजून दहा मिनिटांनी एक अंगठा दिला.